धाकटीच्या वाफ्यातली माती

ता. ४ मार्च
चि. भाऊस अ. उ. आ.

तू मागितलेली गाजरं पाठवली आहेत. भाजीवरचे उपयोगी जीवाणू शोधून ज्याच्या शेतातले सरस, ते तुमची प्रयोगशाळा बाटलीत वाढवणार आणि बाटलीवर त्याचं नाव घालणार, हे वाचून माझी झोप उडाली. माझी गाजरं गरम पाण्यात ब्रशने घासून लखलखीत केली आहेत. आपल्या धाकटीची मात्र उपटली तशीच, चिखलासकट बांधली. कळू दे लोकांना कोण किती टापटीप ते! खतं-औषधं दोघीही घालत नाही, तरी बाजारात गर्दी तिच्याच टोपलीभोवती. मी काय माशा मारत बसू? जळते मी, हो. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

पोरांना पापा.
ताई

ता. १५ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

कपाळ माझं! अगं, ते जीवाणू सालीवरच्या मातीतच असतात. तू त्यांना कढत आंघोळ घालून मोरीत सोडलंस. धाकटीच्या गाजरांवर भरपूर सापडले, रोपांची मुळं कुजू न देणारे. साहेब तिचं नाव लिहायलाच निघाले होते, मी हातापाया पडून थांबवलं. पुन्हा पाठव, न धुता.

राग मानू नये, ही विनंती.
भाऊ

ता. २ एप्रिल
ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या गाजरांवरही अगदी तेच जीवाणू निघाले, तेही धाकटीपेक्षा जास्त! मूळ एकच दिसतं. आधी कोणाच्या शेतात होते, एवढं कळलं की नाव ठरेल. धाकटीला विचारलं, तर म्हणाली, ताई सांगेल ते खरं. लगेच कळव.

भाऊ

ता. ९ एप्रिल
चि. भाऊस अ. उ. आ.

चार दिवस हेच पत्र लिहिते आहे. एकदा तर 'माझ्याच शेतातले' असं लिहून पाकीट चिकटवलंही होतं. मग फाडलं.

दोन वर्षांपूर्वी माझी सगळी रोपं मुळाशी कुजली, तेव्हा धाकटीने आपल्या वाफ्यातली माती पाट्या भरभरून माझ्याकडे आणून टाकली. कोणाला सांगू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं, लाजेपायी. तिने तुलाही सांगितलं नाही, बघ. सांगितलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

नाव तिचंच घाल. माझ्या पोटात दुखतंय ते दुखतंयच. आत्ताच जाऊन पेटीत टाकते, नाहीतर हेही फाडीन.

लोभ धाकटीवर असावा, उरला तर माझ्यावर.
ताई