दोन तास एकवीस मिनिटं

ता. ९ जानेवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि मोज्यांचं पार्सल दोन्ही पोचलं. तुम्ही दम भरल्यामुळे मी परत पळायला लागले आहे. तुमचा भाऊ गेल्यापासून बूट दाराशी तसेच पडले होते. धूळ झटकताना शिंका आल्या, रडू आलं नाही. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासत उभं राहून पाय भरून येतात, तरी सकाळी उठते.

अर्धमॅरेथॉनला नाव दिलंय. पण तुम्ही लिहिलेला तो चारशे मीटर सुसाट पळायचा सराव मला करायचा नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी दोन तास एकवीस मिनिटांत शर्यत पुरी केली, ती आमची सगळ्यात चांगली वेळ. मला तेवढीच हवी. ती मी एकटीने मोडली, तर आमचं दोघांचं म्हणून उरलेलं तेवढंच एक, तेही जाईल. एवढं समजून घ्या.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
धाकटी

ता. १७ जानेवारी

चि. धाकटी हिस,
अनेक आशीर्वाद.

जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, पण सराव बुडवायला इतकं गोड कारण एकाही पोरीने दिलं नव्हतं. बरं, राहू दे तुझी वेळ. मला फक्त एवढं कळव, की पळताना दम कुठे लागतो आणि पाय कुठे मंदावतात. लपवाछपवी नको. आणि नीट जेव. तुझं अक्षरसुद्धा बारीक झालंय.

जीव लावलास तसाच लावत जा.

तुझी,
ताई

ता. ३० जानेवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

खरं सांगायचं तर दम कुठेच लागत नाही. पण पाण्याच्या टाकीजवळचा चढ आला, की पाय आपोआप मंदावतात. तिथे हा धापा टाकायचा. जिने चढायचा कंटाळा म्हणून आपण लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात पडलो, असं कुणालाही तोंड वर करून सांगायचा तो. पुलावर मी अजून अगदी कडेने पळते, आतली जागा त्याला सोडून. परवा एका सायकलवाल्याने विचारलं, की बाई, एवढा रस्ता मोकळा असताना गटाराच्या काठाने का पळताय. मी हसले आणि तशीच कडेने पुढे गेले.

रागावलात तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुमची,
धाकटी

ता. ८ फेब्रुवारी

चि. धाकटी हिस,
अनेक आशीर्वाद.

मला वाटलंच होतं. तू अजून आमच्या गोल्याच्याच चालीने पळतेस.

हे लिहिणार नव्हते, पण लिहिते. दवाखान्यात तू औषधं आणायला खाली गेली होतीस, तेव्हा तो माझ्याशी बोलला. तू त्याच्यासाठी पाय आवरून पळतेस, हे त्याला पहिल्या शर्यतीपासून ठाऊक होतं. एकदा रस्त्याच्या कडेला उभं राहून तुला सुसाट जाताना बघायचंय, म्हणाला. तुला सांगू नको म्हणाला, कारण तू कबूल करणार नाहीस आणि उगाच भांडण होईल.

तेव्हा त्याला मागे सोड. मी त्याची मोठी बहीण, मीच सांगते आहे. उद्यापासून चारशे मीटर. हयगय केलीस तर शिट्टी घेऊन दारात येऊन उभी राहीन.

रागावलीस तरी अंतर देऊ नको.

तुझी,
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

दोन तास चार मिनिटं.

चढावर मंदावले नाही. पुलावर तर रस्ता माझ्या बापाचा असल्यासारखी मधोमध पळाले, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. शेवटच्या रेषेपर्यंत हसत होते.

गळ्यात पदक पडल्यावर घरी निघायला हवं होतं. मी कठड्याला टेकून वळणाकडे बघत उभी राहिले. शेजारी इतर बायका नवऱ्यांची वाट बघत होत्या, तशीच. आम्ही कायम बरोबर पोचायचो, त्यामुळे त्याची वाट बघायची पाळी माझ्यावर कधी आलीच नव्हती. वरच्या घड्याळात दोन तास एकवीस झाले. मग बावीस. त्याच्याच अंगलटीचा एक माणूस वळणावरून आला, तो दुसऱ्या कुणाचा तरी होता.

ताई, अंत्यविधीला, बँकेत, त्याचे कपडे देऊन टाकताना मी रडले नाही. सगळे म्हणाले, पोरगी धीराची आहे. तो गेला हे मला त्या कठड्यापाशी कळलं. तिथल्या मुलीला वाटलं माझा पाय मुरगळलाय. तिने मलम आणून दिलं, मी ते लावलंही.

मला जवळ असू द्या.

तुमची,
धाकटी

ता. २१ मार्च

चि. धाकटी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वेळ वाचून शेजारणीला खिडकीतून ओरडून सांगितली. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी ती खूश झाली.

आता माझं ऐक. त्या दिवशी सकाळी मीही स्वयंपाकघरात घड्याळ पुढ्यात घेऊन बसले होते. तू पोचली असशील असं वाटलं, तेव्हा उठायला हवं होतं. त्याला मागे सोड म्हणून सांगणारी मीच ना? पण उठवेना. तुमची दोघांची वेळही उलटून गेली. गोल्या लहानपणापासून कुठेही वेळेवर पोचला नाही, म्हणून आणखी थोडी बसले.

मला ताई म्हणणारं आता तुझ्याशिवाय कुणी नाही. म्हणत राहा.

तुझी,
ताई