पाहुण्यांसाठी धुतलेली हवा

मुलुंड,
एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप सुगंधाअक्का,

मी इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं समज, आणि लगेच "ऊठ रे काशी" म्हण, कारण पत्र लांबणार आहे आणि ओणवं राहून माझ्याच्याने लिहवणार नाही. तुझे गुडघे कसे आहेत? उतरताना दुखतात, चढताना नाही, असं तू कळवलं होतंस. मग चढतच राहा, असं सुचवणार होतो, पण धाकट्याने थोरलीला शहाणपण शिकवू नये. काजू बरा धरला ना? आंब्याचं विचारत नाही. विचारलं की तुला वाटतं काशीला पेटी हवी आहे. (हवी आहे, पण ते हे पत्र नव्हे.) इकडे आम्ही दोघं खुशाल. रुक्मिणीला तेवढा खोकला आहे. आमच्या इमारतीमागे रंगाचा कारखाना आहे तोवर तो राहणारच. तू आली होतीस तेव्हा त्याची चिमणी बघून विचारलं होतंस, "ह्यांच्याकडे रोज कुणाचं लग्न असतं रे?" ते लग्न अजून चालू आहे. पांढरं धोतर सकाळी वाळत घातलं की संध्याकाळी पितांबर होऊन खाली येतं. रंगपंचमीला आमच्या इमारतीतल्या पोरांना रंग विकत घ्यावा लागत नाही, आणि भिंतीवर बसलेलं कबुतर मूळचं कुठल्या रंगाचं हे त्याच्या आईलाच ठाऊक.

तर गोष्ट अशी की भोपाळ झाल्यापासून मोठी माणसंही हवेविषयी बोलायला लागली आहेत. आपल्या सरकारचं आणि एका परक्या सरकारचं आपसात ठरलं, की त्यांनी धुराला आंघोळ घालणारं एक यंत्र द्यायचं आणि ते इकडच्या उपनगरांतल्या कुठल्यातरी एका चिमणीवर बसवून बघायचं. (देश कुठला म्हणशील, तर नकाशात अगदी वर, शाळेत जिथे खिळ्याला अडकवायची दोरी असायची तिथे. तिथे म्हणे धूर दिसला तर लोक बंबवाल्यांना फोन करतात.) आमच्या कारखान्याच्या मालकाने फुकट म्हटल्यावर लगेच मान हलवली. पण यंत्र एकच आणि चिमण्या पुष्कळ. मग जिथली हवा सगळ्यात वाईट निघेल, त्यांना ते मिळणार. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडची घाण कामाला येणार होती. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मला वाटलं, ह्या परीक्षेत आपला पहिला नंबर कोण हिरावून घेणार?

हवा मोजायला एक साहेब आले. हेन्रिक साहेब. उंच इतके की आमच्या जिन्यात मान वाकवूनच चढले, त्यामुळे सगळ्यांना वाटलं किती नम्र माणूस. बरोबर पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली अनुपमा म्हणून एक चुणचुणीत पोर, साहेबाचं मराठी करायला आणि आमचं इंग्रजी. त्यांनी गच्चीवर एक खोका उभा केला. चार पाय, वर देवळासारखं उतरतं छप्पर, पोटात मोटर. मोटर हवा आत ओढते आणि वाटेत लावलेला पांढरा कागद तिच्यातली धूळ अडवतो. आपण चहा गाळतो तसंच, फरक एवढाच की चहात आपल्याला खालचं हवं असतं आणि ह्यांना गाळण्यातलं. रोज सकाळी कागद बदलायचा, जुना पाकिटात घालून ठेवायचा, आठवड्याने साहेब येऊन वजन करणार. हे काम अनुपमाने माझ्यावर सोपवलं. कागद कडेला कसा धरायचा, पाकिटावर तारीख कुठे घालायची, सगळं तिने समजावलं. एकच गोष्ट सांगितली नाही, आणि तिला दोष नाही, कुणाच्या डोक्यात तरी येईल का?

तुला ठाऊक आहे, मी मिलमध्ये घडी खात्यात जन्म काढला. तयार कापड उजेडात धरायचं, डाग शोधायचा, झटकायचं, पुसायचं आणि मगच घडी घालायची. डागासकट घडी घातली तर मास्तर ती उलगडून सगळ्यांसमोर फडकवायचा. ती सवय माझ्या बोटांत आहे, माझ्यात नाही. पहिल्या दिवशी कागद काढला तर तव्याच्या पाठीसारखा काळा. मी तो कठड्याबाहेर धरला, चांगला झटकला, उपरण्याच्या टोकाने पुसला, नीट घडी घातली आणि पाकिटात ठेवला. रोज. वर रुक्मिणीला अभिमानाने दाखवायचो, बघ, परक्याची वस्तू कशी परत करावी.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सोसायटीची बैठक झाली. परदेशी पाहुणा येणार, तेव्हा इमारत स्वच्छ हवी, ह्यावर एकमत. (गेल्या दहा वर्षांत पाण्याच्या टाकीवर एकमत झालेलं नाही.) जिना धुतला, गच्ची घासली, काजळी बसलेला कठडा चुन्याने रंगवला, यंत्राभोवती रांगोळी काढली. दुसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभावहिनी, म्हणजे आमच्या गच्चीच्या अनभिषिक्त राणी, साहेब यायच्या दिवशी सकाळी यंत्राचं झाकण उघडून मला म्हणाल्या, "सेक्रेटरीनू, पावणे येतले, आणि यंत्राचा तोंड ह्या असा काळा?" मलाही लाज वाटली. आम्ही तो कागद काढून कोरा लावला. आपली आई म्हणायची, पाहुण्याला फाटकी चटई दाखवू नये. तेच केलं.

साहेबांनी खाली आमच्या खोलीत पाकिटं उघडली. एक कागद, दुसरा, तिसरा. मग उठून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला. अनुपमा मराठी करताना अडखळत होती. "काका, साहेब म्हणतात, त्यांच्या देशातल्या देवदाराच्या रानातही एवढी चांगली हवा नाही. अभिनंदन म्हणतात. यंत्र आता बहुतेक माहुलच्या चिमणीकडे जाईल." तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली. कारखान्याने सकाळची पाळी सुरू केली होती. माहुलच्या लोकांचं नाकही नाकच आहे, त्यांचं वाईट मी चिंतणार नाही. पण आपलं पान आपणच धुऊन दुसऱ्याच्या पुढ्यात मांडलं की काय होतं, ते त्या क्षणी कळलं.

मी अनुपमाला बाजूला घेऊन झटकण्याचं सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून जिन्यावरच बसली. "काका, ती धूळच तर हवी होती हो!" आता हे मला कुणी सांगावं? घरात धूळ हवी असणारा पाहुणा मी साठीपर्यंत पाहिला नव्हता. पण पोर गुणाची. तिने साहेबाला काय सांगितलं देव जाणे, आणखी एक आठवडा मिळवून दिला. अट एकच. कागद ती स्वतः येऊन बदलणार, आम्ही हात लावायचा नाही.

पुन्हा बैठक. मी बजावून सांगितलं की कुणी काही साफ करू नका, नेहमी जे चालतं ते चालू द्या. रत्नप्रभावहिनींनी हात वर केला. "साफ करू नकात म्हटलात. हातभार लावू नकात, असा नाय ना म्हटलात?" मी म्हटलं, तसं नाही म्हणालो. (अक्का, माणसाने बैठकीत उत्तर देण्याआधी पाणी प्यावं.) हा चैत्र-वैशाख म्हणजे आमच्याकडे वर्षाचा मसाला भाजायचे दिवस. वहिनींनी चूल, कढई आणि बेडगी-शंकेश्वरी मिरच्यांचं पोतं वर नेऊन थेट यंत्राच्या पायाशी मांडलं. तळमजल्यावरचा खंडू टेम्पोवाला आपल्या सगळ्या गाद्या वर घेऊन आला आणि काठीने बडवू लागला. हे मी सांगितलेलं नव्हतं. पण तो म्हणाला, "काकीच्या खोकल्यासाठी एवढं तरी करू द्या." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं मिरचीचं असेल.

नेमके त्याच वेळी साहेब स्वतः वर आले. शेवटच्या पायरीवर मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि तो सहा फुटी माणूस शिंकत, ठसकत, कठडा चाचपत उलट्या पावली उतरला. अनुपमाने तोंडाला ओढणी लावून कागद काढला. काळा होता, पण त्यावर लाल बिया, नारळाच्या शेंड्या आणि कापूस. ती खाली आली आणि म्हणाली, "काका, कारखान्यात हल्ली मालवणी मसालाही करतात का?" मी मान खाली घातली. पहिल्यांदा हिमालय, दुसऱ्यांदा ज्वालामुखी. दोन्ही रद्द.

साहेब आमच्या दाराशी खुर्चीवर बसून डोळे पुसत होते. रुक्मिणीने कोकम सरबत दिलं. दोन पेले प्यायल्यावर त्यांचा खोकला थांबला. आमच्या घरातला मात्र चालूच होता. साहेब पेला हातात धरून ऐकत बसले, की हाही थांबेल आता. थांबेना. मग ते अनुपमाला हळूच काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "साहेब विचारतात, माझा मिरचीचा खोकला केव्हाच थांबला, मग हा खोकला कशाचा?" मागच्या खिडकीतून चिमणी दिसत होती. साहेबांनी तिकडे बघितलं, आणि तिसरी संधी दिली.

मात्र ह्या वेळी अट कडक. आजपासून मृग लागेपर्यंत गच्चीला कुलूप, किल्ली अनुपमाकडे. माणूस नाही, मिरची नाही, केरसुणी नाही, केवळ यंत्र आणि आमची खरीखुरी हवा. दोन पावसाळी ढग यायच्या आत ठरेल की चिमणीला आंघोळ मिळणार की नाही. साहेब गेल्यावर बायकांनी मला जिन्यात गाठलं. वैशाखात गच्ची बंद म्हणजे पापड, कुरडया, सांडगे, फेण्या सगळ्यावर पाणी. रत्नप्रभावहिनी माझ्या टकलाकडे बघून म्हणाल्या, "वर्साचे पापड काय तुमच्या डोक्यार वाळत घालू?" मी त्यांना शांत केलं. कसं केलं ते विचारू नकोस. घरोघरी समाधान आहे आणि कुलूप लागलं आहे.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला माझी आठवण आहे का बघ.

तुझा धाकटा,
काशीराम

ता. क. तू विचारणार, म्हणून सांगून टाकतो. मी सबंध इमारतीला शब्द दिला आहे की यंदाचं वाळवण आमच्या अक्काच्या खळ्यातून येईल. उडदाचे पापड, तांदळाच्या कुरडया, कोहळ्याचे सांडगे. घरं फार नाहीत, पण खाणारी आहेत. तुझ्याकडे ऊन भरपूर आणि चिमणी एकही नाही. नाही म्हणालीस तर बायका कुलूप फोडतील, आणि धुराची आंघोळ राहील ती राहीलच, माझी मात्र होईल.

ता. क. दुसरा. रत्नप्रभावहिनींना पापडात मिरी जास्त लागते.

ता. क. (हे माझ्या हातचं, रुक्मिणीच्या) वन्सं, नमस्कार. हे खंडूकडे डिंक मागायला गेलेत तेवढ्यात लिहिते. खोकला मला नाही, ह्यांना आहे. साहेब पेला धरून ऐकत बसले तो ह्यांचाच. मला खोकला आहे असं गावभर सांगत सुटल्यामुळे रत्नप्रभावहिनी माझ्यासाठी काढा घेऊन आल्या, तो मी ह्यांना पाजला. पापडांचं मुळीच मनावर घेऊ नका. स्टेशनपलीकडे माझ्या मावसबहिणीची गच्ची आहे, आम्ही बायकांनी तिथलं कधीच ठरवलंय. ह्यांना बोललो नाही. तुम्ही एवढंच करा. लिहा, की वाळवण घालते, पण कावळे हाकायला माणूस नाही, तूच ये. हवापालटाला बोलावलंत तर येणार नाहीत, चांगला आहे मी म्हणतील. कावळे हाकायला म्हटलंत तर पहिल्या गाडीने निघतील. आणि इथली चिमणी धुतली जाईपर्यंत परत पाठवू नका. विचारतील तेव्हा सांगा, पापड अजून ओलेच आहेत.