तुम्ही सांगितलेला बोकड

अहो सुमनचे पप्पा,

सुमनकडून, विलायतेतल्या वेल्सहून परत येऊन आठ दिवस झाले. पिंपळीच्या घरात दोन वेळा चहा करते आणि एकटीच पिते. जे पाहून आले ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसले.

सुमन तिकडच्या दवाखान्यात नर्स. तिची ड्यूटी असली की मी दिवसभर खोलीत; ना माणूस, ना भाषा. एका सुट्टीला ती मला तिथल्या पलटणीच्या संग्रहालयात घेऊन गेली. वेल्श शिपायांचे लाल कोट, पदकं, त्यांनी आईला लिहिलेली पत्रं. तुमची आठवण येईल म्हणून मी आत जायलाच तयार नव्हते.

आणि भिंतीवरच्या फोटोत तो दिसला! पांढरा, लांब केसांचा बोकड. अंगावर झूल, शिंगांना चांदी, परेडच्या सगळ्यात पुढं. सुमननं खालचं वाचून सांगितलं, "आई, ह्याला लान्स नायकाचा हुद्दा होता."

मी तिथंच बाकावर बसले.

आठवतं ना? युनोच्या शांतिसेनेतून सुट्टीवर आलात, तेव्हा निमगाव केतकीला सगळ्या भावकीत हेच सांगितलं होतं तुम्ही. एका वेल्श शिपायानं फोटो दाखवला म्हणालात. "बोकड लान्स नायक, आन् मी अजून शिपाईच!" पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली आपली माणसं पोट धरून हसली. मीही सगळ्यांसमोर म्हणाले, पलटणीत थापा मारायला बरं शिकवलंय. तुमचा चेहराच उतरला.

त्यानंतर फौजेतलं एक अक्षर तुम्ही घरात काढलं नाहीत. सुट्टीवर यायचात, ओट्यावर गप्प बसायचात, विचारलं की "काय न्हाय". चूक माझीच. पण एवढं धरून बसायचं का हो? मरेपर्यंत?

काल निमगावला जाऊन मोठ्या भाऊजींना मोबाइलमधला त्या बोकडाचा फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाले, "म्हंजी बाळू खरं बोलत व्हता. आन् पयला हसलो त्यो मीच." चहा तसाच ठेवून ते गोठ्याकडं निघून गेले.

तुमच्या पलटणीतले कदम वालचंदनगरला राहतात. तुमच्या दहाव्याला आले होते, तुमच्याविषयी काही सांगू बघत होते, पण तेव्हा मला ऐकवेना. सोमवारी त्यांच्या घरी जाणार आहे. त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत उठणार नाही. शब्द देते.

तुमची,
शालन