पाठपोट छपाई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग आता कागदावरच उरलाय, तेवढा गोड मानून घे.) तुझा रक्तदाब कसा आहे? भावजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून. हे पत्र लिहायला सकाळपासून चारदा बसलो आणि चारदा उठलो. ही म्हणते, "एक तर बसा, नाहीतर फिरा. तुमच्याकडे बघून मला गरगरतं."

कारण तुला ठाऊक आहे. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करू द्यायचं की नाही यावर येत्या महिन्यात मतदान आहे, आणि कुठंही जा, हाच विषय. न्हावी तर वस्तरा गळ्याशी आणून मत विचारतो. (मी आधी त्याचं विचारतो आणि तेच माझं सांगतो.) विरोधाच्या अर्जावर तू पहिल्याच दिवशी सही केलीस, हे तुझ्या पत्रावरून कळलं. आणि इकडे आमचे चिरंजीव, कायदा झाला की भाडेकरूशी लग्न करणार म्हणतात. भाडेकरू म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा, नऊ वर्षांपूर्वी वरच्या खोलीत राहायला आला तोच. वरची खोली त्यानं केव्हाच सोडली, घर मात्र सोडलं नाही, आणि याचा अर्थ काय हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारायचं शिताफीनं टाळलं. अकरा दिवसांपूर्वी जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा." मी म्हणालो, मीठ दे. तेव्हापासून माझं तोंड बंद आहे आणि पाय चालू आहेत.

त्यात दोन्ही बाजूंची पत्रकं माझ्याच छापखान्यात आली. विरोधाची घेऊन पोस्टमास्तर आले (निवृत्त झालेत, पण आवाज अजून नोकरीत आहे), आणि कायद्याच्या बाजूची घेऊन शाळेतल्या गणिताच्या बाई. माझं यात काही मत नाही, हे मी दोघांनाही सांगितलं. छापखानेवाल्याला मत फुटलं की निम्मं गिऱ्हाईक तुटतं. दोन्ही पत्रकं पाठपोट होती. म्हणजे आधी एक बाजू छापायची, शाई वाळू द्यायची, मग गठ्ठा उलटा करून दुसरी. दोघांचे गठ्ठे शेजारी शेजारी वाळत होते, आणि माझ्या येरझाऱ्या चालू होत्या. बाईंची दुसरी बाजू मशीनवर चढवली आणि खाली कागद लावला तो पोस्टमास्तरांचा. चूक झाली, दुसरं काय! दोन हजार पत्रकं, पोटावर विरोध आणि पाठीवर बाई. पोस्टमास्तरांनी वरची बाजू तेवढी चष्म्याजवळ धरून पाहिली, शाबासकी दिली आणि गठ्ठे नेले. अर्जावर सही करणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः पत्ता घालून एकेक टपालानं धाडलं. तिसऱ्या दिवशी आले ते दारातूनच ओरडत, "अहो, माझ्या हातून कुणाचा प्रचार करवलात!" मी पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून ओरडले.

बाईंच्या त्या बाजूवर एका माणसाची हकीगत होती, नाव न घालता. त्याच्या सोबत्याचं एकाएकी ऑपरेशन निघालं. दवाखान्यानं फॉर्म पुढे केला. "रुग्णाशी नातं" या रकान्यात यानं मित्र लिहिलं, तेव्हा याला बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि वीस वर्षांत तोंड न पाहिलेला एक चुलतभाऊ परगावाहून येऊन सही करेपर्यंत आतला माणूस तसाच कळवळत राहिला. ताई, ते गेल्या वर्षीचं, आम्ही दोघं तुझ्याकडे आलो होतो तेव्हाचं. परत आल्यावर चिरंजीव आम्हाला एवढंच म्हणाले होते की भाडेकरूला जरा बरं नव्हतं. मी ते मशीनपाशी उभ्यानं वाचलं. आणि तो फॉर्म माझ्याच छापखान्यातला. तो रकाना मीच आखलाय, जेमतेम "भाऊ" मावेल एवढा. मला फार लाज वाटली.

असो. पोस्टमास्तरांना नवी पत्रकं छापून दिली आहेत, गुडघ्याला तेल लावतो आहे. भावजींना नमस्कार. लोभ ठेव म्हणायला जीभ रेटत नाही, तरी ठेव.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – वर चूक झाली असं लिहिलंय. पन्नासाव्या कागदालाच माझ्या ध्यानात आलं होतं. पोस्टमास्तरांची पत्त्यांची यादी टेबलावर पडली होती आणि तिच्यात तुझं नाव होतं. तुझ्यासमोर बसून हे सांगायची माझी छाती नाही. मशीन चालूच ठेवलं. तुला पोचलेलं पत्रक उलटून बघ.

आणखी एक ता. क. – मघाशी पत्र अर्धवट टाकून उठलो तो थेट चिरंजीवांच्या खोलीत गेलो आणि हो म्हणून आलो. पत्रिका (कुंडली नव्हे, लग्नाच्या निमंत्रणाची) तर परवाच खिळे लावून जुळवून ठेवली होती. तारखेची जागा मोकळी आहे, मतदानात काय व्हायचं ते होवो. आपल्या घरात निमंत्रण थोरल्या माणसाच्या नावानं जातं, आणि आई-बाबा गेल्यापासून थोरली तूच. तुझं नाव वर घालून एकच प्रत काढली आहे, ती सोबत धाडतो. नको असेल तर तुझ्या हातानं खोड आणि परत पाठव. माझ्या हातून ते खोडलं जाणार नाही.