अव्वाचं रक्त

११ जून २०१९, लातूर
डोकं फिरलंय आज. रत्नाक्काचा जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला. तिला छातीचा कॅन्सर ज्या दोषामुळे झाला, तो जन्मापासूनच रक्तात होता – आई किंवा वडील, एकाकडून आलेला. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, भावंडांनीही तपासून घ्या. आधी कळलं तर आजार वेळेवर धरता येतो.

अक्काची सासू तिथंच बसलेली. लगेच म्हणाली, हिच्या आईचंच असणार.

झालं! आमची अव्वा भूकंपात गेली तेव्हा चाळिशीचीही नव्हती. घराच्या दगडांखालून काढली तिला. आता हेही तिच्याच माथी?

१३ जून
वीरण्णाला फोन केला. म्हटलं, भाऊ म्हणून तूही रक्त दे. तुझ्यात निघालं तर पुनमचंही बघावं लागेल. म्हणाला, बायकांचा आजार बायकांतच जातो, मी पुरुष. शिवाय पोरीला निलंग्याचं स्थळ आलंय. "तपासणीचं नावबी काढू नको, सिंधु. सोयऱ्यांना कळलं तर पोरगी घरात बसंल."

कोचिंग क्लासमध्ये वर्ग भरभरून पोरांना जीवशास्त्र शिकवते मी. अर्धं आईचं, अर्धं बापाचं – मुलगा असो की मुलगी. परक्यांची पोरं मान डोलावतात. सख्खा भाऊ ऐकत नाही.

१४ जून
रक्त देऊन आले. कुणाला विचारलं नाही.

६ जुलै
माझ्यात दोष नाही! दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडले. अक्काला कसं सांगू कळेना. तीच म्हणाली, "बरं झालं गं, एक तरी सुटली."

संध्याकाळी वीरण्णा पेढे घेऊन हजर. बघ म्हणे, काही नव्हतं, उगाच घाबरवलंस. अरे, माझ्यात नाही म्हणून तुझ्यातही नाही, असं कुठं आहे? वहिनी म्हणाली, पुनमचं लग्न होऊ द्या, मग बघू. लग्नानंतर कोण बघतं? अक्काच्या गाठीवर वर्षभर लेप लावत बसले होते सासरचे!

पेढा तोंडात घातला नाही मी.

८ जुलै
भांडायलाच गेले होते वीरण्णाकडे. भांडले. तो म्हणाला, अव्वाकडनं आलं होतं ते, अव्वासंगं गेलं. माझा तोल गेला. म्हटलं, किती दिवस तिच्यावर ढकलणार? तिचं रक्त तपासायला आणू कुठून?

आप्पा पलंगावर पडून ऐकत होते. मला वाटलं, झोपलेत.

"तिचं न्हाई मिळत," ते म्हणाले. "माझं घ्या."

वीरण्णा म्हणाला, या वयात कशाला सुया टोचून घेता. आप्पांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मेलेल्या बाईच्या नावानं बोलायलात सगळे. ती जबाब द्यायला हाय का?"

९ जुलै
आप्पांना घेऊन गेले. वीरण्णा आला नाही. त्याला दुकान होतं म्हणे! डॉक्टरीणबाईंनी आप्पांना सगळं समजावून सांगितलं, घाई केली नाही. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, अव्वा सुईला लई भ्यायची. भूकंपानंतर ते तिच्याबद्दल असं सहज कधी बोलले नव्हते.

२२ जुलै
निलंग्याचे लोक पुनमला बघून गेले. पसंत आहे म्हणे. मला बोलावलंच नाही. बहुतेक मी तोंड उघडेन म्हणून. बरोबर ओळखलं.

३० जुलै
आप्पांचा रिपोर्ट आला. अव्वाकडून नाही. आप्पांकडून आलंय.

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग वीरण्णाला म्हणाले, "निलंगेवाल्यांना मी सांगतो. तू आधी रक्त देऊन ये."

वीरण्णा उठला. चपला घालून दारात उभा राहिला – मी निघायची वाट बघत.