सात नंबरची जर्सी

माय, आज सकाळी तुझी जर्सी पुन्हा बाहेर निघाली. तुझी म्हणते खरी, पण पाठीवरचा सात दादाचा होता.

आजोबा लंगोटावर कबड्डी खेळत, बाबा गिरणीच्या कापडाच्या चड्डी-बनियनवर, हे तूच सांगायचीस. दादाच्या वेळी नाचणगावच्या मंडळानं जर्स्या आणल्या. निळ्या, जाळीदार, हातातून निसटणाऱ्या. तू कापड चिमटीत धरून म्हणालीस, "याच्यात सूतच नाई." पुलगावच्या रस्त्यावर ट्रकनं दादाला चिरडलं, तेव्हा त्याची जर्सी तारेवर वाळत होती. म्हणून ती राहिली.

त्या हिवाळ्यात तू ती लुगड्यावर चढवून कापूस वेचायला निघालीस. बायका वेचणीला घरातल्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. जर्सीच्या बाह्या अर्ध्या. संध्याकाळी तुझे हात रक्ताळलेले असत. मी विचारलं, "शर्ट काऊन नाई घालत?" दुसऱ्या दिवशी तू पुन्हा तीच चढवलीस. अजून दिसतं, मी शेताच्या कडेला उभी आहे. काकू बांधावरून ओरडते, "काऊन वं, चढाईले चालली का?" तू म्हणतेस, "हव. कापसाले बाद करून येतो." सगळ्या हसतात. तू हसत नाहीस. तू कापसाच्या तासात वाकतेस आणि पाठीवरचा सात आडवा होतो.

शेवटच्या तापात तू म्हणालीस, "मी गेली का मले हेच घालजो." मी ती तिरडीवर तुझ्या छातीशी ठेवली. मामानं उचलून माझ्या हातात परत दिली. "पोरी, हे प्लास्टिक हाय. जळत नाई, वितळते. हाडाले चिपकून राह्यते." मी भांडले. चार माणसांनी त्याचीच बाजू घेतली. त्यानं माहेरचं सुती लुगडं आणलं होतं, ते नेसवून तुला नेलं. जन्मभर कापूस वेचलास. अंगभर कोरं सूत मी तुझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता गावात मैदान ओस आहे, जर्स्या मात्र सगळ्यांच्या अंगावर. बाजारात ढिगानं मिळतात, पाठीवर परक्यांची नावं. त्या घालून लोक भाजी विकतात, म्हशी धुतात, मयतीलाही येतात. इकडे मी राहते त्या पिपरी मेघ्यात बायका ट्रॅक पँटवर दळण आणतात, मीसुद्धा.

आज तुझ्या नातीनं कपाटातून ती ओढून काढली, जीन्सवर घातली. "आई, अशीच विटकी, ढगळ चालते आता. कोणाची गं?"

"बाजारातली," मी म्हणाले.

ती कॉलेजला गेली. हा कागद दुमडून कपाटात ठेवते, जर्सीच्या रिकाम्या जागी. तिला थांबवणं अवघड नव्हतं. पण मला वळणापर्यंत ती पाठ पाहायची होती.