फक्त मलाच येणारा निरोप

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

चि. धाकटीस दादाचे आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठीक आहे. कोणी वेगळं काही सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि सुट्टीच्या दिवशी तुझा लेक, तो ठोंब्या, घरातच असतो. म्हणून हे पत्र. पाकिटाच्या तोंडावर आडवी सही केली आहे. ती जुळत नसेल तर समज, वाटेत कोणीतरी उघडलंय.

कंपनीत जे झालं ते ठोंब्याने त्याच्या पद्धतीने सांगितलं असेलच. आता भावाची बाजू ऐक.

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या पासवर्डला तीन महिन्यांची मुदत असते. बदलला नाही तर खातं बंद, आणि माझं खातं बंद म्हणजे स्टोअर बंद. खिडकीपुढे फोरमन बेअरिंगसाठी हात पसरून उभा आणि मी आत देवासारखा नुसता बसलेला. म्हणून कॉम्प्युटर खात्याने सोय केली आहे. मुदत जवळ आली की ज्याला त्याला आठवणीचा ईमेल आपोआप जातो. माणूस पाठवत नाही, प्रोग्राम पाठवतो. दोन ओळी इंग्रजीत. आठवडा उरला की एकदा आणि शेवटच्या दिवशी एकदा, बस्स.

मला मात्र महिनाभर आधीपासून रोज सकाळी येऊ लागला. तोही आपल्या भाषेत, मोठ्या अक्षरात. आधी इथे दाबा, मग जुना पासवर्ड टाका, मग नवा, घाई नाही, चुकलं तर पुन्हा करा.

मी हात लावला नाही. हिशेबातल्या बाईंना विचारलं, तुम्हाला येतो का असा? त्या म्हणाल्या, "नाही बुवा. काका, तुमच्यावर कोणाचा तरी जीव जडलेला दिसतोय." सगळे हसले. मी नाही हसलो. गेल्याच महिन्यात आम्हाला एकत्र बसवून शिकवलं होतं, की जो गोड बोलून पासवर्डला हात घालायला लावतो तो चोर समजा. सातवी शिकलेल्या माणसाशी कंपनी इतकं गोड कधीपासून बोलायला लागली? त्यात माझी निवृत्तीनंतरच्या नोकरीची मुदतवाढ तोंडावर आलेली. माझ्या खात्यातून थोडा माल गायब दाखवला की म्हाताऱ्याला घरी बसवायला कितीसा वेळ लागतो? मी सरळ तक्रार केली.

चौकशीत चोर निघाला तो तुझा ठोंब्या. प्रोग्राम त्यानेच लिहिलेला, आणि त्यात एकाच माणसापुरत्या वेगळ्या ओळी घातलेल्या. आधी कळलं असतं तर तक्रार केली नसती, हे शपथेवर सांगतो.

मोठ्या साहेबांनी दोघांनाही बोलावलं. परवानगीशिवाय एकट्या यांच्यासाठी हे कशाला, असं त्याला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामांचा चष्मा जुना झालाय, साहेब. बारीक अक्षर दिसत नाही त्यांना."

माझा चष्मा नवा आहे. दुकानात तूच बरोबर होतीस.

त्याला लेखी ताकीद मिळाली, ते काम काढून घेतलं आणि त्या ओळीही पुसल्या. जिन्यात मी त्याला गाठून म्हटलं, खोटं का बोललास रे? तो म्हणाला, "मग काय सांगायला हवं होतं, मामा?" आणि खाली उतरून गेला. तेव्हापासून जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी येत नाही.

धाकटे, घरचा रस्ता मला सापडेना आणि फळवाल्याने तुला फोन लावून दिला, ती दुपार आपल्या दोघांतच राहायची होती. रिक्षात तू मला तसा शब्द दिलास. नंतर गॅस तसाच चालू राहिला, तेही फक्त तुलाच ठाऊक. मग त्याला कसं कळलं? तू सांगितलंस? लहानपणापासून तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

उद्या मी साहेबांकडे जाणार आहे. चष्म्याचं काही नव्हतं, पोराने मला झाकलं, एवढंच सांगणार. मुदतवाढ जाईल. जाऊ दे. त्याची उभी नोकरी पुढे पडली आहे, माझ्यापायी तिच्यावर डाग नको. तुझं उत्तर येईतो हे होऊन गेलेलं असेल, तरी उत्तर लिही.

तू सांगितलं असशील तर मी रागावेन, चार दिवस तोंड फिरवेन आणि मग येईन. पण तू सांगितलं नसशील, तर ते त्याला आपलं आपणच दिसलं. मग फोरमनलाही दिसत असणार. हिशेबातल्या बाईंनाही. खिडकीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकालाच.

म्हणून तूच सांगितलंस, असं लिही.

तू लिहिशील ते खरं मानणारा,
तुझा दादा